बंडीबाटेवरची माझी साक्ष

आदिलाबादहून परत आल्यापासून वाईत जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" धबधबा पाहिला का, सागाचं जंगल पाहिलं का, एवढ्या लांब गेलात तर देवदर्शन तरी केलंत का. काय सांगू, कप्पाळ! सहा दिवसांत मी शेतातली एक वाट पाहिली, आणि तीसुद्धा धड पाहिली नाही. जन्मभर मुलींना भूगोल शिकवला आणि तिथे जाऊन नापास होऊन आले. तरी सांगते, कारण मनात ठेवून अपचन व्हायची वेळ आली आहे.

माझ्या मुलानं हैदराबादला नोकरी धरली आणि तिथेच रेणुकाशी लग्न केलं. ती आदिलाबादच्या कडेला भाजीपाला पिकवणाऱ्या मराठी घरातली. तिची आई गिरजाबाई लग्नात मला म्हणाली होती, "एकदा याच लागते, ईहीनबाई." आपल्याकडची विहीणबाई तिकडे ईहीनबाई होते. त्या शब्दाची मला गंमत वाटली आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या जानेवारीत मी निघाले.

सोमवार, बायपास

स्टेशनच्या बाहेर थंडी अशी, की महाबळेश्वरला जाऊन आलेलीचीही दातखीळ बसावी. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेलंगण म्हणजे ऊन, एवढंच मी वर्गात शिकवत आले होते. रिक्षावाल्याला गिरजाबाईंच्या गावाचं नाव सांगितलं तर तो विचारात पडला. "वो गाँव अब नहीं है, मेडम," म्हणाला. मी घाबरले. गाव नाही म्हणजे? मग कळलं की गाव जागच्या जागी आहे, फक्त ते आता शहरात घेतलंय. आधी एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, मंडलं, म्हणजे आपल्याकडचे तालुके, इकडची तिकडे झाली, आणि मग शहरानं कडेची गावं पोटात घातली. गावाचा वॉर्ड झाला. पाट्या मात्र कुठे जुन्या, कुठे नव्या, कुठे नुसत्याच रिकाम्या.

त्यानं मला एका कॉलनीत नेलं. तिचा रस्ता छान रुंद, सिमेंटचा, दोन्ही बाजूंना नवी घरं, आणि शेवटी भिंत. दुसऱ्या कॉलनीत गेलो, तिथेही शेवटी भिंत. तिसरीत भिंतीऐवजी तुरीचं शेत होतं. प्रत्येक वेळी मागे फिरून मोठ्या रस्त्याला यायचं आणि पुन्हा आत शिरायचं. आमच्या वाईत कुठल्याही बोळात शिरा, वाकडंतिकडं होत तो तुम्हाला घाटावर नेऊन सोडतोच. इथे शेजारच्या घरातला कुकर ऐकू येतो, पण त्या घरी जायचं तर रिक्षा करावी लागते. असं कसं शहर वाढवतात, बाई! ज्यानं त्यानं आपापलं शेत विकलं, घेणाऱ्यानं आपापले प्लॉट पाडले, आणि एकाचा रस्ता दुसऱ्याला जोडायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

शेवटी रिक्षावाला कंटाळला. त्यानं मला बायपासला एका शाळेसमोर उतरवलं आणि समोरच्या शेतापलीकडे बोट दाखवलं. "उधर ही है," म्हणाला आणि गेला. माझ्या फोनमध्येही तिकडे टिंबाटिंबांची एक रेघ दिसत होती. मग काय, पिशवी खांद्याला मारली, साडी वर खोचली आणि बांधावरून निघाले. दोन्ही बाजूंना वांगी. एकदा पाय घसरला आणि मी वांग्यात बसले. काट्यांचं सोडा, पण बघायला कुणी नव्हतं याचं समाधान वाटलं. बांध संपला तिथे विहीर होती, आणि विहिरीवर एक बाई अंबाडीच्या जुड्या बांधत बसली होती. तिनं वर पाहिलं.

"अवं माय! ईहीनबाई! तुमी इकून काऊन आल्या?"

मी म्हटलं, "रस्ताच सापडेना."

"सापडन कसा? हाय कुठं रस्ता!" गिरजाबाई हसत उठली आणि तिनं माझी पिशवी घेतली. विहिरीपासून पुढे मात्र चांगली रुंद मातीची वाट होती, मधेच कुणीतरी दगड आणून टाकलेली. त्या वाटेनं आम्ही गावातल्या घरी पोचलो.

मंगळवार, गिरजाबाईंच्या घरी

घरी आम्ही दोघीच. व्याही मारुतराव बैल घेऊन बेल्याला भावाकडे गेले होते, कापूस वाहायला. सकाळी गिरजाबाईंबरोबर बाजारात गेले. तिथे ती जुडी तेलुगू गिऱ्हाइकाला पुंटीकूर म्हणून विकते आणि मराठी गिऱ्हाइकाला अंबाडी म्हणून. भाजी तीच, हात तोच, भाषा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून बदलते. मला हे भारी आवडलं. मीही दोन शब्द शिकले आणि एका म्हातारबाबांना "पुंटीकूर" म्हणून जुडी दिली, तर ते शुद्ध मराठीत म्हणाले, "अंबाडी कितीले देता, बाई?" गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

दुपारी ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर लसणाची कढकढीत फोडणी. आमच्याकडे अंबाडीत तांदळाच्या कण्या घालतात, इथे तुरीची डाळ. मी दोनदा वाढून घेतली. जेवताना गिरजाबाईनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "ईहीनबाई, उद्या सर्वेअर येऊन राह्यला. आमची बंडीबाट पाहाले."

"काय झालं तिला?"

"वाटंच्या बाजूले ज्याचे प्लॉट हायत, तो प्लॉटवाला बंद करून राह्यला न. वाटंवर पत्थर आणून टाकले, भिंत घालतो म्हणते. बंडीबाट गेली तं मी माल काढू कुठून? डोक्यावर किती नेईन? मंग वावर त्यालेच द्या लागते, अन् त्याले तेच पाह्यजे." तिनं भाकरी ताटात ठेवली. "गाव शहरात गेलं तवापासून नवा नक्शा करून राह्यलेत. त्याच्यात बंडीबाट चढली तं कोनी हात नाई लावू शकत. नाई चढली तं झालं आमचं."

हे पोटातून बोलत होती बाई. दीड एकर वावर, त्यावर रेणुका शिकली, इंजिनीअर झाली. मला फार वाईट वाटलं. मात्र एक शब्द अडला. आमच्याकडे बंडी म्हणजे पुरुष अंगात घालतात ती. तिच्यावर वाट कशी असेल? मी डोकं चालवलं. बांध, बंधारा, बंडी. म्हणजे इकडे बांधाला बंडी म्हणत असणार आणि बांधावरची वाट ती बंडीबाट. काल मी जिच्यावरून घसरले तीच! मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली. विचारायला हवं होतं, पण भूगोलाच्या बाईनं बांध म्हणजे काय ते विचारायचं? नाही विचारलं.

बुधवार, पंचनामा

सर्वेअर दहाला यायचे ते बाराला आले. मफलर गुंडाळलेला, दमलेला माणूस. बोलणं हिंदी, मधूनच मराठी. त्यांचीही बदली झालेली. जुनं मंडल गेलं एका जिल्ह्यात, हे राहिले दुसऱ्यात. "कौन सा कागज किधर है, हमको ही मालूम नहीं," असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. प्लॉटवाला आधीच हजर होता, पांढराशुभ्र शर्ट घालून. आणि पलीकडच्या कॉलनीतली सुजाता नावाची एक तरुण बाई स्कूटर लावून उभी होती. तिचं घर कॉलनीच्या शेवटच्या भिंतीला लागून. तिची मुलगी बायपासच्या शाळेत जाते, मी उतरले होते तीच शाळा. वांग्यांच्या पलीकडे ती शाळा डोळ्यांना दिसते, पण सुजाताला स्कूटरवर सगळं गाव फिरून जावं लागतं. ती सर्वेअरना काकुळतीनं सांगत होती, आणि मला सोमवारच्या तिन्ही कॉलन्या आठवल्या. खरं सांगते, त्या वेळी मला तिचंही तितकंच पटलं.

सर्वेअर गिरजाबाईला विचारायला लागले तर प्लॉटवाला म्हणाला, "साब, ये तो अपना फायदा बोलेगी. किसी बाहरवाले को पूछो." गिरजाबाईनं सर्वेअरकडे पाहिलं, हात झटकला आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला घराकडे गेली. सर्वेअर माझ्याकडे वळले.

"मेडम, आप तो बाहर के. बंडीबाट देखे आप?"

"देखे म्हणजे? मैं चली हूँ उसपर!"

"किधर से किधर?"

आता माझी वेळ आली होती. मी हात लांब करून, जसं नकाशावर दाखवायची तसं दाखवलं. "बायपास से सीधे कुएँ तक. कुएँ से गाँव तक. पूरा बंडीबाट. मैं परसों ही आई."

"पक्का? बंडीबाट?"

"एकदम पक्का." आणि एवढ्यावर थांबले असते तर माझं नाव कसलं! रस्ते एकमेकांना जोडलेले असावेत, नाहीतर शहर म्हणजे नुसत्या पेट्या होतात, यावर मी चांगलं पाच मिनिटं हिंदीतून बोलले. सुजातानं टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. सर्वेअरनी तेलुगूत सगळं उतरवून घेतलं. खाली मी इंग्रजीत सही केली, सुजातानं तेलुगूत. प्लॉटवाल्यानं आपल्या माणसांना हाक मारली आणि वाटेवरचे दगड स्वतःहून उचलायला लावले. वर मला थंड सोडा मागवला. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं माणूस सुधारला.

गिरजाबाई पाणी घेऊन आली तर दगड नाहीत. तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुमी काय जादू केली, ईहीनबाई!" मी म्हटलं, अहो, नुसतं खरं सांगितलं.

संध्याकाळी पंचनाम्याचा फोटो रेणुकाला पाठवला. तिला तेलुगू वाचता येतं. दहाव्या मिनिटाला फोन आला. आवाज रडवेला.

"आई, तुम्ही असं काय लिहून दिलंत?"

"काय गं?"

"बायपासपासून विहिरीपर्यंत बंडीबाट आहे, जुनी वहिवाट आहे, असं लिहिलंय. खाली तुमची सही."

"मग आहेच की. बांधावरून आले ना मी."

"आई, बंडी म्हणजे बांध नाही हो! बंडी म्हणजे बैलगाडी!"

बैलगाडीची वाट. गावापासून विहिरीपर्यंत तेवढीच. विहिरीच्या पुढे गाडी कधी गेलीच नाही, पुढे सगळी वांगी. आणि मी माझ्या सहीनिशी त्या वांग्यांच्या मधोमध रस्ता काढून दिला होता. प्लॉटवाल्याला भिंत कशाला हवी? त्याच्या प्लॉटांना थेट बायपास मिळाला. सोडा काय उगीच पाजला होता!

गिरजाबाईला सांगताना मला रडू फुटलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मला वाटलं आता बोलेल, चार शब्द सुनावेल, सुनावायलाच हवे होते. ती म्हणाली, "मले इचारलं काऊन नाई, ईहीनबाई? मी काय हसली असती?"

हो, हसली असती. म्हणूनच तर विचारलं नव्हतं.

गुरुवार, ऑफिसातून ऑफिसात

सकाळपासून आम्ही दोघी सर्वेअरना शोधत होतो. एका ठिकाणी म्हणाले, ते गाव आता आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, अजून आमच्याकडे आलं नाही. मग ते आहे कुणाकडे, असं मी जरा वरच्या पट्टीत विचारलं तर तिथल्या शिपायानं मला खुर्ची दिली, उत्तर दिलं नाही. दुपारी चहाच्या टपरीवर सर्वेअरच सापडले. मी त्यांना सगळं सांगितलं. माझी बंडी, वाईची बंडी, बांध, बंधारा. ते आधी गोंधळले, मग इतके हसले की मफलर सुटला.

"मेडम, आप पढ़े-लिखे होके..."

"हो ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण लगेच ते गंभीर झाले. सही झालेला कागद नुसता फाडता येत नाही. प्लॉटवाला ओरडेल, आणि त्याचं ओरडणं चुकीचं ठरणार नाही. मग त्यांनीच तोड काढली. शनिवारी सकाळी पुन्हा पंचनामा. "बंडी लाओ. बंडी जहाँ तक जाती, वहाँ तक बंडीबाट. बस."

गिरजाबाईनं तिथूनच बेल्याला फोन लावला. "ऐकून राह्यले का? बैलं जुपा अन् निघा. कापूस राहू द्या तिकडं. ईहीनबाईनं घोटाळा केला."

शनिवार, विहिरीपाशी

मारुतराव शुक्रवारी संध्याकाळी आले. बोलणं अगदी कमी. मला रामराम केला, बैलांना पाणी दाखवलं आणि अंगणात उभी केलेली बंडी एकदा माझ्याकडे बघून हातानं थोपटली. म्हणजे, ही बघा, ही बंडी. त्यांच्या मिशीत हसू होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी सगळे जमले. प्लॉटवाला सोडा न आणता आला होता. तो म्हणाला, "साब, हाँकनेवाला इनका आदमी. वो तो कुएँ पे ही रोकेगा." बरोबरच होतं त्याचं. सर्वेअरनी विचार केला आणि मारुतरावांना सांगितलं, कासरा सोडा. बंडीत बसा, पण हात लावायचा नाही, तोंडानं हाकायचंही नाही. गावाच्या तोंडाशी बैल सुटे चालायला लागले आणि आम्ही सगळे मागून.

जन्मात एवढ्या लोकांना मी बैलांच्या शेपटीकडे इतक्या श्रद्धेनं बघताना पाहिलं नव्हतं. गिरजाबाईनं माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखत होतं. वाटेच्या कडेला प्लॉटवाल्याचे दगड रचून ठेवले होते, बैल त्यांना वळसा घालून गेले. विहीर आली. समोर बांध, बांधाच्या दोन्ही अंगांना वांगी, आणि जरा पुढे थोडी मोकळी जागा, तिथून वाट काढायची तर निघू शकली असती. डावा बैल थांबला. त्यानं मान लांब करून वांग्याच्या झाडाला तोंड लावलं. एक पाय बांधावर ठेवला.

"गेला, गेला!" प्लॉटवाला म्हणाला.

गिरजाबाईनं डोळे मिटले. मारुतरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, चुकून कासऱ्याला लागू नयेत म्हणून.

बैलानं पान थुंकलं. वांग्याचं पान कडू. पाय खाली घेतला, जोडीदाराला खांद्यानं रेटा दिला आणि दोघे मिळून डावीकडे वळले. बंडीचं चाक विहिरीच्या कठड्याला घासत अर्धा फेरा झाला. तेव्हा मी पहिल्यांदाच खाली पाहिलं. तिथे मातीत चाकांची गोल चाकोरी होती, वर्षानुवर्षं गाडी फिरून खोल गेलेली. सोमवारी मी ती ओलांडूनच आले होते. बैल हौदाशी जाऊन उभे राहिले आणि पाणी प्यायला लागले.

सर्वेअरनी वाकून चाकोरीत बोटं घालून पाहिली. मग माझा बुधवारचा कागद काढला, बायपासची ओळ खोडली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "इधर साइन करो मेडम. मराठी में करो इस बार."

मी मराठीत सही केली. प्लॉटवाला निघून गेला. गिरजाबाई मातीतच बसली आणि पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "आमच्या बैलाले तुमच्या शाळेत घ्या, ईहीनबाई." सगळे हसले, मीही हसले. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात स्कूटर थांबल्याचा आवाज आला. सुजाता होती. पुढे तिची मुलगी उभी, दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली. नकाशाचं काम झालं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती आनंदानं माझ्याकडेच आली.

"अम्मा, रास्ता हो गया? आज से इधर से जाना?"

मी म्हटलं, "नहीं बेटी. इधर से नहीं."

"आपने ही बोला था ना, रास्ता है?"

"बोली थी. मेरी गलती थी."

मी तिला बंडीचं सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण ते तिला सांगून काय होणार होतं? तिच्या घरापासून शाळेपर्यंत रस्ता हवा हे खरंच होतं. गिरजाबाईची वांगीही खरी होती. सुजातानं स्कूटर वळवली आणि आली त्या वाटेनं, सगळं गाव फिरून जायला निघाली. वांग्यांच्या पलीकडे शाळेची घंटा झाली. मुलीनं ती ऐकली आणि मान वळवून तिकडे पाहिलं.